अंधाऱ्या खोलीला आणखी अंधार

आमच्या झोपायच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर, हात लांब केला तर टेकेल की काय असं वाटावं इतक्या जवळ, शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीसुद्धा कपाटातून काढलेला मोजा काळा की गडद निळा हे बघायला दारापर्यंत यावं लागतं. 'लहान, अंधारी खोली असेल तर पांढरा रंग द्या' हा सल्ला आम्ही दोनदा मानला. दोन्ही वेळा खोली आठवडाभर स्वच्छ दिसली आणि मग होती तशी झाली: मळकट, राखाडी, तापातून उठलेल्या माणसासारखी. पांढरा रंग काही स्वतः उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकतो. येतच नसेल तर फेकणार काय?

तिसऱ्यांदा रंगकाम काढायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, हिला उजळ करायचा नाद सोडू. अंधारीच आहे ना, मग नीट अंधारी करू. गडद भिंती, जाड विणीचे गालिचे, मखमल, पितळ, वेलींची दाटी, कोपऱ्यात पिवळट दिवे. हल्ली ज्याला 'मूडी बोहो' म्हणतात तसलं काहीतरी. नवरा म्हणाला, "म्हणजे मोजे आता अजिबातच दिसणार नाहीत." ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, झोपायची खोली करते आहेस की फोटो धुवायची?"

'बोहो' म्हणजे 'बोहेमियन'चं लघुरूप, आणि या शब्दाचा प्रवास गमतीचा आहे. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग. फिरस्ते रोमा लोक तिकडून आले असं समजून फ्रेंच लोक त्यांना बोहेमियन म्हणू लागले. मग एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या स्वस्त खोल्यांत राहणाऱ्या कफल्लक चित्रकार-लेखकांना तेच नाव चिकटलं. म्हणजे ही शैली मुळात पैसे नसलेल्यांची: मिळेल ते, मिळेल तिथून आणून रचलेलं. ती आज 'संपूर्ण संच' म्हणून एकाच खोक्यात विकत मिळते हे बघून मला हसू येतं. मी तसला संच घेतला नाही. माझी तत्त्वं आड आली असं नाही, त्यातल्या उशा फार खरखरीत होत्या.

पहिलं काम रंग ठरवण्याचं. ते मी बऱ्यापैकी नीट केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. शेडकार्डावरचा नखाएवढा चौकोन बघून गडद रंग ठरवता येत नाही. सहा नमुना-डबे आणले आणि सहा मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात मारले: कोळशाचा काळा, गडद शेवाळी, वांगी, किरमिजी, शाईचा निळा आणि गडद मोरपंखी. नमुना थेट भिंतीवर लावला नाही, कारण मग शेजारचा जुना पांढरा डोळ्यात घुसतो आणि कुठलाही गडद रंग काळाच वाटतो. पुठ्ठे चार दिवस खोलीभर फिरवले. सकाळी खिडकीशेजारी, दुपारी कपाटाला टेकवून, रात्री पलंगामागे.

चार दिवसांत निम्मे रंग आपोआप गळाले. कोळशाचा काळा आमच्या लाकडी कपाटाशेजारी जांभळा दिसायला लागला, कारण त्या काळ्याच्या पोटात जांभळी छटा होती आणि लाकडाच्या पिवळटपणाने ती वर आणली. शेवाळी दिवसा सुंदर आणि रात्री चिखल. वांगी मला फार आवडला होता, पण नवऱ्याला त्यात डोकं दुखल्यासारखं होत होतं, आणि झोपायच्या खोलीत दोघांचं डोकं असतं. शेवटी मोरपंखी राहिला. दिवसा निळा आणि दिव्यात हिरवा वाटणारा.

रंग बघताना एक आकडा मात्र जरूर बघावा. पुष्कळ रंगांच्या माहितीत 'एलआरव्ही' म्हणून दिलेला असतो: पडलेल्या उजेडापैकी किती टक्के रंग परत देतो. पूर्ण काळा म्हणजे 0, पूर्ण पांढरा म्हणजे 100. घरात लावतात ते पांढरे साधारण 80 ते 90 च्या दरम्यान. माझा मोरपंखी 6 होता. मी तो आकडा वाचला, 'वा, गडद आहे' म्हटलं आणि डबा बंद केला. त्या सहाचा अर्थ मला पुढे महिनाभर कळत होता.

आता रंगकाम. खोली 10 बाय 12 फूट, उंची साडेनऊ. दारखिडकी वजा केली तर भिंती साधारण 370 चौरस फूट, म्हणजे एका हाताला तीन-साडेतीन लिटर. मी दोन हात धरून सात लिटर आणला. दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, "खाली राखाडी प्रायमर घेता का? गडदला बरा पडतो." मला वाटलं, आणखी एक डबा गळ्यात मारतोय. बिचारा खरंच सांगत होता. गडद रंग ज्या बेसमध्ये मिसळतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड अगदी कमी असतं. ही पांढरी भुकटीच एरवी रंगाला झाकण्याची ताकद देते, आणि ती जास्त घातली तर रंग गडद होतच नाही. त्यामुळे डब्यात काजळासारखा दिसणारा रंग भिंतीवर पातळ शाईसारखा बसतो. पांढऱ्या प्रायमरवर पहिला हात मारला तेव्हा भिंत अशी दिसत होती, की कुणीतरी ओल्या फडक्याने निळं पुसून ठेवलंय. दुसऱ्या हातानंतरही रोलरच्या पट्ट्यांमधून पांढरं डोकावत होतं. तिसरा हात मारावाच लागला आणि रंग पुन्हा आणावा लागला. राखाडी प्रायमर त्याहून स्वस्तात सुटला असता.

दुसरी चूक फोनची. गडद मॅट रंगात भिंतीची एक बाजू धरली की दुसऱ्या टोकापर्यंत थांबायचं नसतं. ओल्या कडेवरच पुढचा पट्टा चढला पाहिजे. मधे थांबलात आणि कड वाळली, की तिच्यावर चढलेल्या रंगाची दुहेरी जाडी कायमची शिवण होऊन बसते. पलंगासमोरच्या भिंतीच्या बरोब्बर मध्यावर असताना ताईचा फोन आला. मी वीस मिनिटं बोलले. ती शिवण अजून आहे. संध्याकाळी दिवा तिरपा पडला की दिसते, ताईच्या नावाने मी तिला ओळखते.

छत आधी पांढरंच ठेवलं होतं. 'निदान वर तरी उजेड' असा विचार. पण चारी भिंती गडद आणि वर पांढरं म्हणजे डब्यावर झाकण ठेवल्यासारखं. अंथरुणावर पडलं की नजर थेट तिथेच. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ती रेघ इतकी ठळक, की खोलीची उंची फुटपट्टीने मोजून दाखवल्यासारखी. दोन आठवडे सोसलं आणि मग छतही त्याच रंगात रंगवलं. मान आठ दिवस वळत नव्हती, पण रेघ गेली. मला वाटलं होतं छत खाली येईल. उलट कड हरवल्यामुळे ते किती उंच आहे याचा अंदाजच लागेनासा झाला.

हे सगळं झालं, सामान आत आलं, गालिचा पसरला, पलंगावर डाळिंबी मखमलीचं पांघरूण घातलं. संध्याकाळी मी मोठ्या हौसेने दिवा लावला.

आमचा जुना दिवा छताच्या मधोमध होता, 6500 केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी. गुहेत टॉर्च मारावी तसं दिसलं. मधे एक भगभगीत ठिपका, त्याखाली आमचे दोघांचे भुतासारखे चेहरे आणि चहूकडे काळं. पूर्वी हाच दिवा पुरत होता, कारण पांढऱ्या भिंती उजेड एकमेकींकडे टोलवत होत्या. छतावरून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर, तिथून पुन्हा वर. आता भिंतीवर पडलेल्या उजेडातले 94 टक्के भिंतच गिळत होती. त्या सहाचा अर्थ हा होता. गडद खोलीत उजेड पसरत नाही. दिवा जिथे ठेवाल तिथेच तो राहतो. म्हणजे दिवे कुठे असणार ते आधी ठरवायला हवं होतं, आणि मी रंगाचे पुठ्ठे सहा रंगवले होते पण दिव्याचा विचार एकही केला नव्हता. आपल्याकडे म्हण आहेच, दिव्याखाली अंधार. माझं उलटं झालं होतं, फक्त दिव्याखालीच उजेड.

मग दिव्यांचं पर्व सुरू झालं. ते रंगापेक्षा जास्त दिवस चाललं आणि मला त्यातच खरी मजा आली. छतावरचा दिवा काढला नाही, पण तो फक्त हरवलेलं कानातलं शोधायला. बाकी तीन दिवे, तिन्ही डोळ्यांच्या पातळीच्या खाली किंवा फार तर तिथपर्यंत. एक पलंगाशेजारी वाचायला, एक कोपऱ्यात उभा आणि एक फळीवर लहानसा, पितळी भांड्यामागे लपवलेला. बल्ब 2700 केल्विनचे, पिवळट. वाचायच्या दिव्याला साधारण 450 ल्युमेन, म्हणजे जुन्या 40 वॅटच्या पिवळ्या बल्बाइतका उजेड. बाकीचे दोन त्याहून मंद.

दिव्याची टोपी निवडताना मी एकदा फसले. काळ्या जाड कापडाची टोपी फार देखणी होती, पण तिच्यातून उजेड आरपार येतच नव्हता. वर छतावर एक गोल आणि खाली टेबलावर एक गोल, मधे काळा डबा. ती कोपऱ्यातल्या उभ्या दिव्याला घातली, तिथे ती शोभते. वाचायच्या दिव्याला जाडसर लिननची टोपी आणली, जी स्वतःच मधासारखी उजळते. टोपीची खालची कड उशीला टेकून बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला यावी. वर गेली तर बल्ब डोळ्यात घुसतो, खाली गेली तर पुस्तक अर्धंच उजळतं. यासाठी दिव्याखाली तीन पुस्तकं घालावी लागली. ती आता तिथेच असतात आणि वाचली जाण्याची शक्यता संपली आहे.

दिवा मंद करायचं बटण बसवलं तर एलईडी गुणगुणायला आणि फडफडायला लागला. बटण जुन्या तारेच्या बल्बांसाठीचं होतं. वायरमनने एलईडीसाठीचं, 'ट्रेलिंग एज' प्रकारचं बसवून दिलं आणि बल्बही 'डिमेबल' लिहिलेला आणला, तेव्हा तो शांत झाला. दोन्ही जुळावे लागतात, एक बदलून भागत नाही.

एवढं करूनही एक कोडं सुटत नव्हतं. डाळिंबी मखमल. दुकानात ती पेटल्यासारखी लाल होती. आमच्या खोलीत रात्री मंद दिव्यात ती तपकिरी दिसायची आणि पहाटे जाग आली की चक्क काळी. गंमत म्हणजे त्याच पहाटेच्या उजेडात मोरपंखी भिंत मात्र आतून उजळल्यासारखी निळी दिसायची. मला वाटलं, कापडाचा रंग उतरला. दिवसा खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर जसाच्या तसा लाल.

यातला अर्धा दोष बल्बाचा होता. बल्बाच्या खोक्यावर 'सीआरआय' लिहिलेला असतो, रंग किती खरे दिसतील त्याचा आकडा. पण तो काढतात आठ फिकट रंगांच्या सरासरीवर. गर्द लाल त्या आठात नाही, त्याचा आकडा वेगळा, 'आर-नऊ' नावाने. म्हणून सीआरआय 80 असलेला बल्ब लालाच्या बाबतीत अगदीच मठ्ठ असू शकतो. मी 90 च्या वरचा, आर-नऊ स्वतंत्र दिलेला बल्ब शोधून आणला आणि रात्रीची मखमल पुन्हा डाळिंबी झाली.

पहाटेची मात्र काळीच राहिली, आणि तिथे मला यान इव्हांगेलिस्ता पुर्किन्ये भेटले. 1787 साली जन्मलेले शरीरशास्त्रज्ञ. उजेड कमी झाला की लाल रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ वाटतात, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टिपून ठेवलं. त्यांच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो. भरपूर उजेडात आपण डोळ्यातल्या शंकूपेशींनी बघतो, त्यांना पिवळट-हिरवा सर्वांत तेजस्वी वाटतो आणि लालही दिसतो. अंधार पडत गेला की दंडपेशी काम हातात घेतात. त्यांचा कल निळ्या-हिरव्याकडे आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे माझ्या मखमलीला काही झालं नव्हतं, माझे डोळे पाळी बदलत होते. आणि हे पुर्किन्ये जन्मले कुठे, तर बोहेमियात! माझ्या तथाकथित बोहेमियन खोलीतली अडचण एका अस्सल बोहेमियन माणसाने दोनशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवली होती, हे कळलं त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याला तितकंसं कौतुक वाटलं नाही.

मग मी लालाची जागा बदलली. मखमल पलंगाच्या पायाशी होती, जिथे एकही दिवा पोचत नव्हता. ती उशांकडे आणली, वाचायच्या दिव्याच्या थेट उजेडात. पायाशी विटकरी आणि हळदी रंगांची विणलेली चादर टाकली. ते रंग मुळात फिकट, म्हणून मंद उजेडातही तग धरतात. आता माझा नियम सोपा आहे: लाल दिव्याजवळ, निळं-हिरवं कोपऱ्यात. मखमलीचं आणखी एक. तिची लव एका बाजूला झोपलेली असते, तिच्याकडून बघितलं तर गडद आणि उलटीकडून बघितलं तर उजळ. पांघरूण नुसतं फिरवून घातलं तरी दुसऱ्याच रंगाचं वाटतं.

नक्षीकामाबद्दल फार बोलत नाही, कारण मी तिथे नशिबावर चालले. पलंगाखाली किलिम, म्हणजे लव नसलेला सपाट विणीचा गालिचा, आणि उशांवर इकत. इकतमध्ये विणण्याआधीच सूत बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा जरा पुसट, थरथरलेल्या दिसतात. दोन्ही नक्ष्या सारख्याच आकाराच्या होत्या तेव्हा एकमेकींवर ओरडत होत्या. उशा बदलून बारीक नक्षीच्या आणल्या, भांडण मिटलं. किलिमखाली मात्र रबरी जाळी घाला. मी घातली नव्हती आणि एकदा पाण्याच्या ग्लासासकट सरकले.

आरसा लावला की खोली मोठी वाटते असं सगळे सांगतात. आरसा समोर असेल तेच दुप्पट करतो. माझा आरसा आधी काळ्या कोपऱ्यासमोर होता आणि त्याने काळोखच दुप्पट केला. नंतर तो खिडकीला काटकोनात आणला, असा की पलंगावरून त्यात कोपऱ्यातला दिवा दिसतो. चौथा दिवा फुकट मिळाला.

झाडांचं वाईट वाटतं. चित्रांमधल्या अशा खोल्यांत नेची लोंबत असतात. माझं नेचं दीड महिन्यात कुरकुरीत झालं. पांढऱ्या भिंती झाडांनाही थोडा उजेड परत देत होत्या, तोही गेला. मनी प्लांट जगला, पण त्याच्या नव्या पानांवरचे पिवळे पट्टे नाहीसे झाले. उजेड कमी म्हणून पानाचा कोपरान् कोपरा हिरवा करून तो पोट भरतोय. झीझी नावाचं जाड चकचकीत पानांचं झाड आणि स्नेक प्लांट मात्र निर्विकार उभी आहेत. मी आता झाडांच्या दोन तुकड्या केल्यात. एक आठवडाभर आत, दुसरी गॅलरीत, रविवारी अदलाबदल.

आणि धूळ. हे कुणी सांगत नाही. गडद मॅट भिंतीवर बोट लागलं तरी डाग उठतो आणि पुसायला गेलं की घासलेली जागा चकाकते. पलंगाच्या डोक्याशी असे दोन चकचकीत गोल तयार झाले होते, एक त्याच्या डोक्याचा आणि एक माझ्या. डब्यातला उरलेला रंग त्यावर लावला तर गोलांचे ठिगळ झाले. शेवटी तिथे जाड विणलेलं कापड टांगलं. लोकांना ते सजावटीचा कळस वाटतं.

मागच्या महिन्यात ताई राहायला आली. दारात उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही. मी आपली वाट बघत होते. मग आत येऊन तिने वाचायचा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. दुपारी "पाच मिनिटं पडते" म्हणाली आणि साडेतीन तास झोपली. उठल्यावर समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथे मधे एक उभी रेघ आहे बघ, रंगाऱ्याने हलगर्जीपणा केलाय." मी म्हटलं, "हो, फोनवर बोलत होता मेला."

जाताना ती सहाही पुठ्ठे काखेत मारून घेऊन गेली. "नुसते बघायला," म्हणाली.